मन आणि मेंदू : एकाच वस्तूची दोन नावे?

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात महत्त्वपूर्ण निकाल दिला. संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचून तिची नार्को चाचणी, पॉलिग्राफ चाचणी अथवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही, असे तत्कालीन सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय खंडपीठाने स्पष्ट केले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. या निकालाची चर्चा प्रामुख्याने तपास यंत्रणांचे अधिकार आणि आरोपीचे मूलभूत हक्क यांच्या अनुषंगाने झाली. तथापि, निकालाच्या मुळाशी तत्त्वज्ञानातील एक अतिशय जुना प्रश्न दडलेला आहे. मन आणि मेंदू एकच आहेत काय, हा तो प्रश्न होय.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. परंतु १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने असे म्हटले होते की, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. शरीर हा पुरावा होऊ शकतो. मनात असलेली माहिती मात्र बळजबरीने काढून घेता येत नाही, असा हा भेद आहे. मग मेंदूत उमटणाऱ्या विद्युत लहरींची गणना कशात करायची? मेंदू हा यकृत किंवा हृदयाप्रमाणे शरीराचाच अवयव आहे. ब्रेन मॅपिंग चाचणीत डोक्याला विद्युतअग्रे लावून एखादा शब्द किंवा चित्र दाखविल्यानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणारी लहर नोंदविली जाते. त्या दृष्टीने ही चाचणी रक्त तपासण्याइतकीच शारीरिक ठरते. परंतु त्या लहरीतून शोधायची असते ती त्या व्यक्तीची ओळख, स्मरण आणि माहिती. सर्वोच्च न्यायालयाने या चाचणीचा निष्कर्ष साक्षीच्याच स्वरूपाचा मानला आणि व्यक्तीच्या मानसिक खासगीपणाला संरक्षण दिले.

न्यायालयाने अर्थातच तत्त्वज्ञानाचा वाद सोडविला नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. परंतु न्यायालय, रुग्णालय आणि विमा कार्यालय या तिन्ही ठिकाणी आज या प्रश्नाचे काही ना काही उत्तर गृहीत धरूनच निर्णय घ्यावे लागतात. त्यामुळे या वादाची नेमकी मांडणी काय आहे, कोणत्या गोष्टी निश्चित झाल्या आहेत आणि कोणत्या अद्याप अनिर्णित आहेत, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

'मन' म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात मन आणि मेंदू यांची कामे वाटून दिलेली दिसतात. मन रमते, मन मोडते, एखादी गोष्ट मनावर घेतली जाते किंवा मनातून उतरते. गणित सोडविताना मात्र डोके चालवावे लागते आणि अवघड विषय ऐकून मेंदूला मुंग्या येतात. भावना आणि इच्छा मनाकडे, तर हिशेब आणि तर्क डोक्याकडे, अशी ही ढोबळ विभागणी आहे. तत्त्वज्ञ आणि वैज्ञानिक जेव्हा या प्रश्नाची चर्चा करतात, तेव्हा ही विभागणी त्यांना अभिप्रेत नसते. विचार, स्मरण, भावना, इच्छा, वेदना आणि जाणीव या सर्वांना मिळून ते मन म्हणतात. हिशेब करणे हेसुद्धा त्या अर्थाने मनाचेच कार्य आहे.

यात आणखी एक अडचण आहे. इंग्रजीतील 'माइंड' या शब्दासाठी मराठीत सर्रास 'मन' हा प्रतिशब्द वापरला जातो. परंतु भारतीय दर्शनांतील मनाची संकल्पना वेगळी आहे. सांख्य दर्शनानुसार बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही तत्त्वे जड प्रकृतीपासूनच उत्पन्न होतात. चैतन्य हे केवळ पुरुषाचे स्वरूप आहे. न्याय आणि वैशेषिक दर्शनांत मन हे नऊ द्रव्यांपैकी एक असून ते अणुरूप मानले गेले आहे. ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जात असल्यामुळे माणसाला एकाच क्षणी अनेक गोष्टींचे ज्ञान होत नाही, असा त्यामागील युक्तिवाद आहे. अद्वैत वेदान्तातही अंतःकरण जड मानले असून ते आत्म्याच्या प्रकाशाने उजळते, असे सांगितले आहे.

याचा अर्थ असा की, युरोपीय परंपरेत जी सीमारेषा शरीर आणि मन यांच्यामध्ये आखली गेली, ती आपल्याकडील अनेक दर्शनांनी मन आणि चैतन्य यांच्यामध्ये आखली. मन हे जड साधन आहे, असे म्हणणे सांख्यांना मुळीच धक्कादायक वाटले नसते. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न जाणीव कोठून येते हा होता. चार्वाकांनी त्याचेही उत्तर जडवादी दिले. ज्याप्रमाणे विशिष्ट पदार्थ एकत्र आंबविल्यावर त्यांत मूळ नसलेली मादकता उत्पन्न होते, त्याप्रमाणे चार महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते, असे त्यांचे मत इतर दर्शनकारांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आले आहे.

मेंदूला इजा, मनात बदल

मनाचे व्यापार मेंदूवर अवलंबून आहेत, या विधानाविषयी आज गंभीर मतभेद उरलेला नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथात अपस्मार हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे, असे प्रतिपादन करण्यात आले होते. प्रत्यक्ष पुरावे मात्र एकोणिसाव्या शतकात मिळू लागले.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाचे काम सुरू असताना फिनियस गेज या मुकादमाच्या हातातील लोखंडी पहार सुरुंगाच्या स्फोटामुळे त्याच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या वरच्या भागातून बाहेर पडली. ही पहार साडेतीन फुटांहून अधिक लांब आणि सुमारे सहा किलो वजनाची होती. गेज वाचला. परंतु पूर्वी जबाबदार आणि समतोल असलेला हा माणूस अपघातानंतर लहरी, उद्धट आणि अस्थिर झाला, असे त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये नोंदविले. या घटनेला पुढे बरीच अतिशयोक्ती चिकटली. गेजने नंतर चिलीमध्ये अनेक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम केले होते, ही बाब लक्षात घेता त्याच्या स्वभावातील बिघाड कायम टिकला नसावा, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे. तरीही कपाळामागील मेंदूच्या भागाला इजा झाल्यास स्वभाव बदलू शकतो, हे त्यानंतरच्या असंख्य रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे.

१८६१ मध्ये पॅरिस येथील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाचा अभ्यास केला, ज्याला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, परंतु 'टॅन' या एका अक्षरसमूहाखेरीज जवळजवळ काहीही बोलता येत नसे. मृत्यूनंतर तपासणी केली असता त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढील बाजूस विकृती आढळली. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचा अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या भागासह काही अंश काढून टाकण्यात आला. त्याचे झटके कमी झाले, परंतु नवी घटना स्मरणात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रोज भेटणाऱ्या संशोधकांनाही नव्याने भेटत असे. आश्चर्याची गोष्ट अशी की, आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य मात्र तो सरावाने शिकला. आपण हा सराव कधी केला होता, हे त्याला आठवत नसे. आपण ज्याला एकसंध स्मरणशक्ती समजतो, ती मेंदूत निरनिराळ्या यंत्रणांमध्ये विभागलेली असते, हे मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या या अभ्यासामुळे समोर आले.

मनाचे म्हणून ओळखले जाणारे काही आजार पुढे मेंदूचे ठरले, हेही येथे नमूद केले पाहिजे. २००७ मध्ये स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतील विशिष्ट ग्राहक प्रथिनांवर हल्ला करते. रुग्णाला भास होतात, संशय येतो, वागण्यात अचानक फरक पडतो. त्यामुळे अनेकांना प्रथम मनोरुग्णालयात दाखल केले जाते. वेळीच निदान होऊन प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे उपचार मिळाल्यास यातील अनेक रुग्ण बरे होतात. ज्याला एके काळी वेड किंवा बाहेरची बाधा म्हटले गेले असते, त्याचे कारण अशा रुग्णांत रक्ताच्या आणि पाठीच्या कण्यातील द्रवाच्या तपासणीत सापडते.

मग वाद कशाचा?

इतके पुरावे असताना वाद शिल्लक राहतोच कसा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असणे आणि त्या दोन्ही एकच असणे यांत फरक आहे.

हा फरक स्पष्ट करण्यासाठी रेडिओचे उदाहरण नेहमी दिले जाते. रेडिओ संच बिघडला की बातम्या ऐकू येत नाहीत. परंतु बातम्या संचात तयार होत नाहीत; त्या अन्यत्र तयार होऊन संचाद्वारे केवळ प्रकट होतात. मेंदू हेही असेच साधन असेल आणि मन त्याहून स्वतंत्र असेल, असे द्वैतवादी म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता रने देकार्त हा या मताचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता होय. शरीर जागा व्यापते, मन जागा व्यापत नाही. त्यामुळे ही दोन भिन्न द्रव्ये आहेत, असे त्याने १६४१ मध्ये प्रतिपादन केले.

या मतावरील सर्वांत मार्मिक आक्षेप १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला लिहिलेल्या पत्रात उपस्थित केला. ज्या मनाला आकारमान नाही आणि जे कशालाही स्पर्श करू शकत नाही, ते शरीराला हालवते तरी कसे, असे तिने विचारले. देकार्तला या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि त्याच्या नंतरच्या द्वैतवाद्यांनाही ते देता आलेले नाही.

रेडिओच्या दृष्टान्तातही एक उणीव आहे. संच बिघडल्यास खरखर येते, आवाज तुटतो किंवा बंद पडतो. परंतु बातमीदाराचे मत बदलत नाही. मेंदूला इजा झाल्यावर मात्र केवळ बोलण्याची किंवा हालचालीची क्षमता कमी होते असे नाही. माणसाची आवड, निवड, सभ्यतेची जाण आणि जवळच्या माणसांविषयीचा जिव्हाळाही बदलू शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांना याचा अनुभव आहे. संचातील एखादा भाग बदलल्याने प्रसारित होणाऱ्या बातमीचा आशयच बदलू लागला, तर बातमी संचातच तयार होते, असे मानावे लागेल.

एकत्वाचा सिद्धान्त

विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियात अध्यापन करणाऱ्या यू. टी. प्लेस आणि जे. जे. सी. स्मार्ट या तत्त्वज्ञांनी अनुक्रमे १९५६ आणि १९५९ मध्ये मन आणि मेंदू यांच्या एकत्वाचा सिद्धान्त स्पष्ट शब्दांत मांडला. त्यांचे म्हणणे असे की, वेदना आणि मेंदूतील विशिष्ट प्रक्रिया या दोन संबंधित घटना नसून ती एकच घटना आहे. पहाटे पूर्वेला दिसणारी आणि सायंकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी या दोन वेगळ्या चांदण्या आहेत, असे प्राचीन काळी अनेकांना वाटत असे. प्रत्यक्षात तो एकच शुक्र ग्रह आहे. वीज चमकणे आणि विद्युतभाराचे विसर्जन होणे या जशा दोन घटना नाहीत, त्याचप्रमाणे मन आणि मेंदूचे व्यापार यांची केवळ नावे दोन आहेत.

या सिद्धान्तावर दोन प्रमुख आक्षेप घेण्यात आले. पहिला आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पुटनम यांचा आहे. माणसाला वेदना होतात, तशा त्या ऑक्टोपसलाही होत असाव्यात. परंतु ऑक्टोपसची मज्जासंस्था मानवी मज्जासंस्थेहून फार निराळ्या रचनेची आहे. तेव्हा वेदना म्हणजे मानवी मेंदूतील अमुक एक प्रक्रिया, असे म्हटल्यास इतर प्राण्यांच्या वेदना नाकाराव्या लागतील. म्हणून मन ही वस्तू नसून ते कार्य आहे, असे मत पुढे आले. घड्याळ पितळेचे असो वा प्लास्टिकचे, वेळ दाखविणे हे त्याचे कार्य असते. तसेच मन म्हणजे मेंदू नव्हे, तर मेंदू जे करतो ते मन, असे कार्यवादी म्हणतात. यंत्राला मन असू शकेल काय, हा सध्या वारंवार चर्चिला जाणारा प्रश्न याच मताची पुढील पायरी आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण दिले. वटवाघूळ ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भोवतालचा वेध घेते. त्याच्या मेंदूची संपूर्ण रचना आपल्याला समजली, तरी त्याला ते जग आतून कसे जाणवते, हे आपल्याला कळणार नाही. दाताची कळ म्हणजे काय, हे दंतवैद्यकाच्या ग्रंथावरून जितके कळते, त्याहून काही वेगळे ज्याचा दात दुखतो त्याला कळत असते. १९९५ मध्ये डेव्हिड चामर्स यांनी यालाच जाणिवेचा 'कठीण प्रश्न' असे नाव दिले. मेंदू माहितीवर प्रक्रिया कशी करतो, हा तुलनेने सोपा प्रश्न आहे. त्या प्रक्रियेबरोबर मुळात काही जाणवते तरी का, हा कठीण प्रश्न होय.

या संदर्भातील एक पैज प्रसिद्ध आहे. जाणिवेची खूण ठरणारी मेंदूतील यंत्रणा २५ वर्षांच्या आत सापडेल, अशी पैज मेंदूवैज्ञानिक क्रिस्टोफ कोख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी लावली होती. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील परिषदेत कोख यांनी पराभव मान्य केला आणि ठरल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या चामर्स यांच्या स्वाधीन केल्या. अर्थात, यामुळे द्वैतवाद सिद्ध झाला असे नाही. ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळाले नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

मनाचा मेंदूवर परिणाम

मन मेंदूहून वेगळे असल्याचा पुरावा म्हणून काही वेळा उलट दिशेची उदाहरणे दिली जातात. औषधाचा अंश नसलेली गोळी औषध म्हणून दिली असता रुग्णाच्या वेदना कमी होतात. सरावाने आणि समुपदेशनाने माणसात बदल घडतो. मनच मेंदूवर सत्ता चालवते, असे यावरून वाटू शकते.

परंतु या घटनांचा तपास केल्यावर वेगळेच चित्र दिसते. १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांचे कार्य रोखणारे नॅलोक्सोन हे औषध दिल्यास खोट्या औषधाचा परिणाम ओसरतो. म्हणजेच 'विश्वासाने' वेदना कमी होतात तेव्हा मेंदूत प्रत्यक्ष रासायनिक द्रव्ये स्रवत असतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंत्रचळाच्या रुग्णांपैकी काहींना औषध आणि काहींना केवळ वर्तनोपचार देण्यात आले. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागातील बदल दोन्ही गटांत सारखाच होता. लंडनमधील हजारो रस्ते तोंडपाठ करणाऱ्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली आढळून आले.

या उदाहरणांवरून मन मेंदूपासून स्वतंत्र ठरत नाही. उलट, मनात घडणाऱ्या प्रत्येक बदलाला मेंदूत काही तरी प्रतिरूप असते, या मतालाच पुष्टी मिळते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. मेंदूचा विकार म्हटला की उपचार औषधानेच झाले पाहिजेत, असे नाही. बोलणे, शिकणे आणि आपुलकी हेही मेंदूवरील उपचार ठरू शकतात.

रुग्णशय्येजवळचा प्रश्न

हा वाद सर्वाधिक तीव्र होतो तो अतिदक्षता विभागात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच प्राणघातक हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्या याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे कृत्रिम पोषण थांबविण्याची परवानगी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्यांच्या मेंदूच्या वरच्या भागाची अवस्था कशीही असली, तरी मेंदूस्तंभ जिवंत असल्याने त्यांना मृत म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. रुग्णालयातील परिचारिका आणि कर्मचाऱ्यांचा त्यांच्या जगण्याविषयीचा आग्रहही न्यायालयाने विचारात घेतला. त्याच निकालाने कठोर अटींसह निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मात्र खुला केला आणि ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला.

येथे दोन अवस्थांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूस्तंभ मृत्यू हा मृत्यूच मानला जातो. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोन वेळा चाचण्या करून तो प्रमाणित करावयाचा असतो. हा कायदा संसदेने महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे संमत केला होता. वनस्पतिवत अवस्थेत मात्र रुग्ण स्वतः श्वास घेतो, त्याचे डोळे उघडतात, झोपेचे आणि जागेपणाचे चक्र चालू असते. केवळ जाणिवेची कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही.

खूण दिसत नाही म्हणजे जाणीव नाहीच काय? २००६ मध्ये ब्रिटनमधील संशोधक एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर वनस्पतिवत अवस्थेत असलेल्या २३ वर्षीय तरुणीच्या मेंदूची एमआरआय यंत्राद्वारे तपासणी केली. आपण टेनिस खेळत आहोत, अशी कल्पना करण्यास तिला सांगण्यात आले. नंतर स्वतःच्या घरातील खोल्यांतून फिरण्याची कल्पना करण्यास सांगितले गेले. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे ते ते भाग निरोगी माणसाप्रमाणेच कार्यरत झाले. २०१० मध्ये अशाच अवस्थेतील एका रुग्णाने 'हो' म्हणण्यासाठी एक आणि 'नाही' म्हणण्यासाठी दुसरी कल्पना करून साध्या प्रश्नांची उत्तरे दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूचनांना कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये, सूचनेनुसार प्रतिसाद आढळून आला.

अशा रुग्णांच्या बाबतीत मनाचा ठाव घेण्याचा मेंदूशिवाय दुसरा मार्ग उपलब्ध नाही. मन आणि मेंदू यांचा काहीच संबंध नसता, तर ही चाचणी निरर्थक ठरली असती. त्याच वेळी डॉक्टरांना त्या यंत्रात जे शोधायचे होते, ते रक्ताभिसरणाचे आकडे नव्हते. आतमध्ये कोणी ऐकत आहे काय, हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

विमा आणि न्यायालय

मन आणि मेंदू यांच्यात भिंत उभी केल्याचा फटका मानसिक आजार असणाऱ्यांना वर्षानुवर्षे बसत आला आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला सहानुभूती मिळते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला मन घट्ट करण्याचा सल्ला दिला जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांसाठीही वैद्यकीय विमा उपलब्ध करून देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. कायद्याने ही भिंत निदान कागदावर तरी पाडली आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

परंतु भिंत पूर्णपणे नाहीशी करण्यातही धोका आहे आणि तो न्यायालयाच्या दारात दिसतो. जून २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषसिद्धीचा निर्णय देताना मेंदूतील लहरींवर आधारित चाचणीच्या अहवालाचाही आधार घेतला होता. अशी चाचणी फार तर एखादी गोष्ट त्या व्यक्तीच्या ओळखीची आहे किंवा नाही, हे सुचवू शकते. ती ओळख कृत्यातून आली, ऐकीव माहितीतून आली, वृत्तपत्रातून आली की पोलिसांच्याच प्रश्नांतून आली, हे लहर सांगत नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांच्या व्यवहाराची मोजणी करणे आणि त्याचा अर्थ लावणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अर्थ लावण्यासाठी त्या माणसाचे आयुष्य, भाषा आणि परिस्थिती विचारात घ्यावी लागते.

निष्कर्ष काय?

आजच्या ज्ञानाच्या आधारे तीन विधाने करता येतात. पहिले, मेंदूवाचून मन कार्यरत असल्याचा विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही आणि मेंदूतील बदलांनी मनाच्या प्रत्येक अंगात बदल होऊ शकतो. दुसरे, 'मन म्हणजेच मेंदू' हे समीकरण मात्र अपुरे ठरते. मेंदू हा सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा अवयव आहे. मन हे त्याच्या व्यापाराला दिलेले नाव आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. मृत्यूनंतर काही काळ मेंदू तसाच असतो, व्यापार थांबलेला असतो. तिसरे, त्या व्यापाराला जाणिवेचा आतला अनुभव का असतो, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. सांख्यांनी पुरुषाची कल्पना मांडून आणि चार्वाकांनी मादकतेचा दृष्टान्त देऊन ज्या ठिकाणी उत्तर शोधले, त्याच ठिकाणी आजचे विज्ञानही उभे आहे. फरक इतकाच की, त्याच्या हाती मोजण्याची साधने आहेत.

वादाचा निकाल लागेपर्यंत व्यवहार थांबणार नाहीत. नैराश्याच्या रुग्णाला त्याचा आजार खरा आहे असे सांगताना मन मेंदूच्या जवळ आणावे लागते. संमतीवाचून कोणाच्या डोक्यातील लहरी वाचू नयेत, असे सांगताना मेंदूत मन वसते याची आठवण ठेवावी लागते. ही विसंगती नव्हे. दोन्ही ठिकाणी विचार एकाच माणसाचा चाललेला असतो.